पिस्तुलाचं काडतूस: निवडायचं कसं, आणि घरी का भरायचं नाही

आत्तापर्यंतच्या भागांत आपण उभं राहणं, पकड, श्वास आणि ट्रिगर यांवर बोललो. त्यानंतर जे प्रश्न आले, त्यांत एक विषय सारखा येत राहिला: काडतूस. कोल्हापूरच्या एका मुलीला विचारायचंय की सरावाला स्वस्त आणि स्पर्धेला महाग काडतूस वापरलं तर चालेल का. बेळगावच्या एका गृहस्थांना बत्तीस बोअरच्या दोन वेगवेगळ्या डब्या बघून गोंधळायला झालंय. आणि इथल्याच, बेंगळुरूच्या एका प्रेक्षकाचा प्रश्न सगळ्यांत महत्त्वाचा आहे. त्यांचा भाचा अमेरिकेत असतो, दर शनिवारी प्रॅक्टिकल शूटिंगच्या सामन्याला जातो आणि आपली काडतुसं गॅरेजमध्ये स्वतः भरतो. ते विचारतात, "कर्नल साहेब, भाचा ते छोटं यंत्र घेऊन येतो म्हणतोय. माझ्याकडे लायसन्स आहे. मी इथे घरी भरली तर काय हरकत आहे?"

हरकत आहे, आणि मोठी आहे. पण नुसतं "नाही" म्हणून मी मोकळा झालो तर तुम्ही दुसऱ्या कुणाला तरी विचाराल. म्हणून मुळापासून बघू.

काडतूस म्हणजे चार वस्तू. पितळी केस, ज्याला आमचे जवान खोखा म्हणायचे. बुडाशी प्रायमर, म्हणजे टोपी, जी ठोका बसला की ठिणगी देते. आत दारू. आणि तोंडाशी बसवलेली गोळी. बोलताना आपण सगळ्यालाच गोळी म्हणतो, पण उडून जाते ती फक्त पुढची शिसाची. आता .२२ बोअरच्या, म्हणजे ज्याला आपण पॉइंट टू टू म्हणतो त्या काडतुसात वेगळी टोपी नसतेच. ठिणगीचा मसाला केसच्या बुडाच्या कडेतच भरलेला असतो आणि पिनचा ठोका त्या कडेवर बसतो. एकदा कड चेपली की ती केस संपली. म्हणून .२२ व्यवहारात पुन्हा भरत नाहीत. मोठ्या बोअरमध्ये टोपी मधोमध असते, ती काढून नवी बसवता येते. पुन्हा भरण्याचा प्रश्न फक्त तिथे येतो.

आपल्याकडे पिस्तूल नेमबाजी शिकणारी बहुतेक मुलं १० मीटर एअर पिस्तुलानंतर .२२ वर येतात, म्हणून आधी .२२ बद्दल. राही सरनोबतनं २०१८ च्या आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तुलात सुवर्ण जिंकलं, ते .२२ नं. आपले सुभेदार मेजर विजय कुमार २०१२ ला लंडनमध्ये रॅपिड फायर पिस्तुलात रौप्य घेऊन आले, तेही .२२ नंच. एली, लापुआ, आरडब्ल्यूएस, एसके ही नावं तुम्ही रेंजवर ऐकली असतील. प्रत्येक कंपनीचे पाच-सहा दर्जे, आणि किमतीत दुप्पट-तिपटीचा फरक. मुलं विचारतात, सगळ्यात महाग घेतलं की दहा लागतील ना?

जरा हिशेब करू. .२२ ची स्टँडर्ड गोळी नळीतून साधारण ३३० मीटर प्रति सेकंद वेगानं निघते. २५ मीटर जायला तिला सुमारे ०.०७६ सेकंद लागतात. तेवढ्या वेळात पृथ्वी तिला जवळजवळ २८ मिलिमीटर खाली ओढते. आता समजा काडतूस स्वस्त आहे, त्याचा वेग एकसारखा नाही, आणि पुढची गोळी ३४० नं गेली. ती साडेसव्वीस मिलिमीटर खाली येईल. फरक दीड-पावणेदोन मिलिमीटर. २५ मीटरच्या प्रिसिजन टार्गेटवर दहाचं वर्तुळ ५० मिलिमीटरचं आहे, आणि रॅपिडच्या टार्गेटवर १०० मिलिमीटरचं. म्हणजे वेगातल्या फरकामुळे तुमचा दहा जात नाही. तो ट्रिगर ओढताना जातो.

हाच हिशेब ५० मीटरला करा. वेळ दुप्पट, पडणं चौपट, फरक साडेसहा मिलिमीटर. आणि ५० मीटर रायफलच्या दहाच्या वर्तुळाचा व्यास अवघा १०.४ मिलिमीटर. कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं २०२४ ला पॅरिस ऑलिंपिकमध्ये ज्या प्रकारात कांस्य घेतलं, तिथे काडतुसाचा लॉट निवडणं ही चैन नाही, गरज आहे. रायफलवाले कारखान्यात जाऊन आपली रायफल शिकंज्यात अडकवून लॉटमागून लॉट तपासतात, ते उगाच नाही. पिस्तुलवाल्यानं त्यांची नक्कल करून घरच्यांचे पैसे जाळू नयेत, एवढंच माझं म्हणणं.

मग पिस्तुलवाल्यानं बघायचं काय? पहिली गोष्ट, काडतूस तुमच्या पिस्तुलात न अडकता चालतंय का. .२२ चं पिस्तूल गोळीच्याच धक्क्यानं मागे जाऊन पुढचं काडतूस उचलतं. धक्का कमी पडला की खोखा अर्धवट बाहेर अडकतो. रॅपिड फायरमध्ये पाच गोळ्यांना ८, मग ६, मग ४ सेकंद मिळतात. त्यात एकदा जॅम झालं की नियम पुन्हा संधी देतो, पण मन जागेवर येईपर्यंत पुढच्या मालिकेची वाट लागते. दुसरी गोष्ट, धक्का प्रत्येक वेळी सारखा आहे का. तीन-तीन सेकंदांच्या मालिकेत हात जिथून खाली गेला तिथेच परत यायला हवा, आणि हाताला एका धक्क्याची सवय लागते. आता कोल्हापूरच्या मुलीला उत्तर देतो. स्वस्त-महाग हा प्रश्नच नाही. सरावाचं आणि स्पर्धेचं काडतूस धक्क्याला सारखं हवं. एका कंपनीचा मधला दर्जा घे, वर्षभर तोच ठेव, आणि स्पर्धेसाठी त्याच लॉटच्या डब्या बाजूला काढ. लॉट नंबर डबीवर छापलेला असतो.

तपासणी साधी आहे. पिस्तूल वाळूच्या पिशवीवर टेकवा, दहा-दहा गोळ्यांचे पाच ग्रुप एकाच लॉटचे घ्या. काडतूस बदललंत तर पहिल्या दहा-पंधरा गोळ्या मोजू नका. प्रत्येक कंपनीच्या गोळीवरचं मेण वेगळं असतं, नळीला ते बसायला वेळ लागतो. तीन गोळ्यांच्या ग्रुपवर निर्णय घेणारे मी पुष्कळ पाहिलेत. तीन गोळ्या योगायोगानंसुद्धा एका भोकात जातात. आणि कुणीतरी विचारलंय की बेंगळुरू समुद्रसपाटीपासून ९०० मीटरवर आहे, इथे विरळ हवेमुळे फरक पडतो का. २५ मीटरला नाही. निर्धास्त राहा.

आता बेळगावच्या गृहस्थांचा गोंधळ. आपल्याकडे ज्याला सरसकट बत्तीस बोअर म्हणतात ती प्रत्यक्षात दोन वेगळी काडतुसं आहेत. एक .३२ स्मिथ अँड वेसन लाँग, रिव्हॉल्व्हरचं. त्याची केस सुमारे साडेतेवीस मिलिमीटर लांब, बुडाला रुंद कड. दुसरं .३२ एसीपी, म्हणजेच ७.६५ मिलिमीटर, पिस्तुलाचं. त्याची केस सतरा मिलिमीटरच्या थोडी वर. आखूड काडतूस रिव्हॉल्व्हरच्या चेंबरमध्ये कधीकधी शिरतं, म्हणून "बसतंय की" असं म्हणून ते उडवायचं नाही. डबीवरचं पूर्ण नाव आणि नळीवर कोरलेलं नाव जुळलं तरच ते तुमचं काडतूस.

यातली देशी काडतुसं पुष्कळदा आपल्या पुण्याच्या खडकीतून येतात. बुडावर केएफ अशी अक्षरं दिसली की ती खडकी दारूगोळा कारखान्याची. १८६९ चा कारखाना आहे हा. पुढे २०२१ साली सगळ्या आयुध निर्माणींची वाटणी झाली तेव्हा तो म्युनिशन्स इंडिया या सरकारी कंपनीत गेला, तिचं मुख्यालयही पुण्यातच. जळगाव जिल्ह्यातलं वरणगाव त्याच कुटुंबातलं. नोकरीत मी जी ९ मिलिमीटरची काडतुसं उडवली त्यांतल्या बहुतेकांवर केएफच होतं, आणि पिस्तूल इछापूरचं. मराठी माणसाला माहीत नसतं, पण या देशात पिस्तुलाची गोळी म्हटली की तिचा गाव बऱ्याचदा महाराष्ट्रातला असतो.

पण खडकीचं बत्तीस गोल नाकाचं आहे, स्वसंरक्षणासाठी. सेंटर फायर पिस्तूल स्पर्धेत जे .३२ लाँग वापरतात त्याला वॉडकटर म्हणतात. गोळीचं तोंड सपाट, जवळजवळ केसच्या कडेला टेकलेलं. कागदाला ती गोल, स्वच्छ भोक पाडते, म्हणून कागदी टार्गेटवर गुण मोजताना वाद होत नाही. वेगही सौम्य, सेकंदाला २३०-२४० मीटरच्या आसपास. ही काडतुसं बाहेरून येतात आणि महाग पडतात. परदेशातले सेंटर फायरवाले ती घरी भरतात ते म्हणूनच.

इथून आपण भाच्याच्या खेळाकडे वळू. प्रॅक्टिकल शूटिंग म्हणजे एका जागी उभं राहून वर्तुळावर नेम धरणं नव्हे. धावायचं, आडोशामागून, खिडकीतून, वेगवेगळ्या अंतरांवरची टार्गेट्स घ्यायची, आणि घड्याळ चालू. १९७६ मध्ये अमेरिकेत मिसुरी राज्यातल्या कोलंबिया गावी या खेळाची आंतरराष्ट्रीय संघटना, आयपीएससी, स्थापन झाली. पहिले अध्यक्ष जेफ कूपर. त्यांच्या बोधवाक्यात तीन लॅटिन शब्द आहेत, त्यांचा अर्थ अचूकता, ताकद, वेग. मिळालेले गुण भागिले लागलेले सेकंद, असा निकाल लागतो. बारा सेकंदांत ६० गुण म्हणजे ५. हाच आकडा लढतो.

ताकद मोजायची कशी? गोळीचं वजन ग्रेनमध्ये, वेग फूट प्रति सेकंदात, गुणाकार करायचा आणि हजारानं भागायचं. याला पॉवर फॅक्टर म्हणतात. १२४ ग्रेनची गोळी १०५० फुटांनी गेली तर १३०.२. मायनर गटाची किमान मर्यादा १२५ आहे. मेजरसाठी स्टँडर्ड विभागात १७०, ओपनमध्ये १६०. टार्गेटच्या मधल्या भागात लागलं तर दोघांनाही ५ गुण. बाहेरच्या भागात मेजरला ४, मायनरला ३. त्याहून बाहेर मेजरला २, मायनरला १. म्हणजे जोरदार काडतूस वापरणाऱ्याला चुकीची शिक्षा कमी, पण धक्का जास्त सोसावा लागतो. मोठ्या सामन्यात पंच प्रत्येकाची काही काडतुसं काढून घेतात, एक उघडून गोळीचं वजन करतात, बाकीची वेगमापकासमोर उडवतात. १२५ च्या खाली आलात तर खेळू देतात, गुण मात्र धरत नाहीत. अख्ख्या सामन्याचे.

आता भाचा घरी का भरतो ते कळेल. दुकानातलं ९ मिलिमीटरचं काडतूस बहुधा गरजेपेक्षा जोरदार असतं. त्याला हवं १३०, म्हणजे १२५ च्या वर थोडी फट ठेवून शक्य तितका कमी धक्का. त्यातही जड गोळी हळू पाठवली तर दारू कमी लागते, आणि पॉवर फॅक्टर तोच असूनही पिस्तूल हातात मऊ वाटतं. शिवाय पितळ आपलंच, म्हणून खर्च कमी. वर्षाला हजारो गोळ्या उडवणाऱ्याला हे परवडतं. तिकडे त्याचं सामान दुकानात मिळतं, छापील कोष्टकं मिळतात, आणि बहुतेक राज्यांत स्वतःपुरतं भरायला कायद्याची आडकाठी नाही.

ऐकायला सोपं वाटतं. खोखा पुन्हा मापात आणायचा, नवी टोपी, मोजून दारू, वर गोळी. पण ९ मिलिमीटरच्या केसमध्ये पिस्तुलाची जलद जळणारी दारू तळाशी थोडीशीच असते. चुकून दोनदा पडली तरी वरून गोळी बसते आणि काडतूस बाहेरून अगदी नेहमीसारखं दिसतं. ते उडतं तेव्हा चेंबर फुटतो, मॅगझिन खाली फेकलं जातं, बोटं जातात. उलट, दारू पडलीच नाही तर नुसत्या टोपीच्या जोरावर गोळी नळीत अर्ध्यावर अडकते. आवाज येतो फुस्स असा. जोशात पुढची गोळी सोडली की ती अडकलेल्या गोळीवर आदळते. कारखान्यात प्रत्येक लॉटमधले नमुने काढून वजनाची, दाबाची तपासणी होते. गॅरेजमध्ये तपासणारा एकच, आणि त्याला नेमका त्याच वेळी फोन येतो.

हे झालं धोक्याचं. आता कायदा. शस्त्र अधिनियम १९५९ मध्ये दारूगोळ्याच्या व्याख्येत त्याचे भाग आणि तो बनवायची यंत्रसामग्री हीसुद्धा येतात. कलम ५ सांगतं की दारूगोळा बनवायचा तर त्यासाठीचा वेगळा परवाना लागतो. तुमच्याकडे आहे तो पिस्तूल बाळगायचा. तो बनवण्याचा परवाना होत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर विनापरवाना निर्मितीची शिक्षा किमान सात वर्षं, कमाल जन्मठेप. "मी स्वतःच्या सरावापुरतंच भरतोय" हा बचाव त्या कलमात लिहिलेला नाही. भाच्यानं सामानातून यंत्र आणलं तर कस्टम्समध्ये अडकेल तो भाचा, आणि चौकशीला बोलावणं येईल तुम्हाला. शिवाय ९ मिलिमीटर हे बोअर आपल्याकडे नागरिकांना निषिद्धच आहे. भाच्याचं काडतूस तुम्ही भरलंत तरी घालणार कशात?

मला विचाराल तर या मर्यादेचं मला फार दुःख नाही. पिस्तुलात नाव काढलेल्या आपल्या मुलांनी कारखान्याच्याच काडतुसांवर काढलं. खरी अडचण होती ती कोट्याची. वर्षाला हातात मोजकी काडतुसं, त्यात सराव काय करणार? फेब्रुवारी २०२० मध्ये गृह मंत्रालयानं नेमबाजांसाठीची सरावाची मर्यादा वाढवली. .२२ साठी १,००० होती ती ५,०००, इतर पिस्तूल-रिव्हॉल्व्हरसाठी ६०० होती ती २,०००. तुम्ही कुठल्या वर्गात बसता त्यावर ते अवलंबून आहे, म्हणून आपल्या राज्य रायफल असोसिएशनकडे जाऊन कागद बघा. प्रमाणपत्र, स्पर्धेतले गुण, नूतनीकरण हे वेळेवर केलंत तर गॅरेजमधल्या यंत्राची गरज वाटणार नाही. कागदपत्रांचा कंटाळा करणारा नेमबाज मी पाहिलाय. तो दरवर्षी नोव्हेंबरात काडतुसं उसनी मागत फिरतो, आणि तेही कायद्यात बसत नाही.

साठवण. बेंगळुरूची हवा चांगली आहे, पण कोकणातल्या आणि गोव्याच्या मंडळींनी हवाबंद डबा आणि सिलिका जेल ठेवाच. पितळावर हिरवट थर आला की ते काडतूस बाजूला. तेलकट हातानं, तेल लावलेल्या पिस्तुलाशेजारी सुटी काडतुसं ठेवू नका. झिरपणारं तेल टोपीपर्यंत पोचलं की ती मरते. मे महिन्यात गाडीच्या डिकीत तर नकोच. आणि पिस्तूल एका कुलपात, काडतुसं दुसऱ्या. किल्ल्या एकाच जुडग्यात ठेवणाऱ्यांना मी काय बोलू!

रेंजवर ठोका बसला आणि गोळी उडाली नाही, तर नळी टार्गेटकडेच धरून निदान तीस सेकंद थांबायचं. कधीकधी दारू उशिरा पेट घेते. मग अधिकाऱ्याच्या देखत काढायचं. फुस्स आवाज आला तर ट्रिगरवरून बोट बाहेर, हात वर, आणि नळी आरपार बघितल्याशिवाय पुढची गोळी नाही. सैन्यात हे इतकं घोटून घेतात की निवृत्तीनंतरही दिवाळीत न फुटलेल्या फटाक्याकडे आम्ही तसंच बघतो.

ते न उडालेलं काडतूस रेंजवरच्या ठरलेल्या डब्यात टाका, खिशात नको. खिशातून ते बॅगेच्या कप्प्यात जातं, आणि तीच बॅग घेऊन माणूस चार महिन्यांनी देवनहळ्ळीच्या विमानतळावर उभा राहतो. क्ष-किरण यंत्रात ते स्पष्ट दिसतं. परदेशातून येणाऱ्या आपल्या मुलांचंही हेच होतं. रेंजची बॅगच प्रवासाला घेतात आणि तळाशी एक काडतूस राहिलेलं असतं. बाळगणाऱ्याला ते आपल्याजवळ आहे याची जाणीव होती का, हे न्यायालयं बघतात. सर्वोच्च न्यायालयानं १९७२ मध्येच ते स्पष्ट केलंय. पण तिथवर पोचेपर्यंत विमान गेलेलं असतं, पोलीस ठाणं झालेलं असतं आणि वकील लावलेला असतो. म्हणून अमेरिकेतल्या भाच्याला यंत्राबद्दल "नको" कळवताना हेही कळवा, की निघायच्या आदल्या रात्री बॅग उलटी करून झटकायची, आणि शक्य असेल तर ती बॅग आणायचीच नाही. आणि तुम्हाला घरात, वडिलांच्या जुन्या पेटीत वगैरे, बेवारस काडतूस सापडलं तर कचऱ्यात किंवा विहिरीत टाकू नका. जवळच्या पोलीस ठाण्यात लेखी अर्ज देऊन जमा करा आणि पावती घ्या.